कोपरापर्यंत

अंगणात कपडे वाळत घालायची दोरी इतकी वर्षं एकच होती. पावसानं जरा उघडीप दिली त्या सकाळी धाकटीनं दुसरी बांधली. स्टुलावर चढून, दातात सुतळी धरून, एकटीनंच. थोरली ओट्यापाशी बकरीचं दूध काढत बसली होती. तिनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"जाऊबाई, राग मानू नका हं," धाकटी वरूनच म्हणाली. "ह्यांच्या कपड्यांना डाग पडतात."

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? कोळशाचे."

"मग तसं म्हण. मला वाटलं आमचे."

धाकटी हसली. जाऊबाई गंमत करताहेत असं तिला वाटलं. थोरली गंमतच करत होती, पण बकरीनं पाय झाडला. हात जरा जास्तच जोरात ओढला गेला होता.

घर वीजघरापासून वीस मिनिटांच्या चालीवर. दोघे भाऊ तिथेच कामाला. थोरला जुन्या बॉयलरवर फायरमन, बावीस वर्षं झाली. धाकटा टर्बाइनवर. थोरल्याचे कपडे धुवायला घेतले की पहिलं पाणी काळं, दुसरं काळं, तिसरं करडं, आणि चौथ्याला साबणच कंटाळायचा. धाकट्याच्या कपड्यावर फार तर तेलाचा एखादा ठिपका. "तुझा नवरा वाफेपाशी असतो," थोरली म्हणायची. "त्याचे कपडे तिथल्या तिथेच इस्त्री होऊन येत असतील."

सासूला कमी ऐकू येई, पण वीजघर चालू आहे की बंद हे घरात सगळ्यात आधी तिला कळे. उशाशी पाण्याचं फुलपात्र असायचं. टर्बाइन फिरत असलं की त्या पाण्यावर बारीक शहारा दिसे. सकाळी उठली की ती आधी फुलपात्रात बघायची, मग सुनांकडे.

थोरली स्वतः कोळशाच्या पट्ट्यावर होती. वॅगनमधून उतरलेला कोळसा आवारात ढीग करून ठेवत, तिथून तो पट्ट्यावरून वर जाई. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना चौदा बाया उभ्या राहून त्यातले दगड, खिळे, लाकडाचे तुकडे वेचत. पण थोरलीचं खरं काम वेगळं होतं. जुन्या बॉयलरला कोळसा ओलसर लागायचा. त्याची भट्टी म्हणजे लोखंडी साखळ्यांची रुंद जाळी, मुंगीच्या पावलानं आत सरकणारी. पुढून कोळसा पडे, सरकता सरकता पेटे आणि मागच्या टोकाला पोचेस्तोवर राख होऊन खाली जाई. कोळसा ठणठणीत कोरडा असला की त्यातली भुकटी जाळीतून गळायची, नाहीतर झोताबरोबर धुराड्यात उडून जायची. म्हणून ढिगावर पाणी मारायचं. किती मारायचं ते थोरलीची मूठ सांगायची.

मूठभर कोळसा घ्यायचा, आवळायचा, मूठ उघडायची. गोळा झाला पाहिजे आणि बोटानं टोचला की फुटला पाहिजे. गोळाच झाला नाही तर कोरडा. फुटला नाही तर ओला. ती "बास" म्हणाली की नळी बंद. चार साहेब बदलले, नळीवाले तर किती बदलले, "बास" म्हणणारी बदलली नव्हती. नवरा वर भट्टीच्या झरोक्यातून जाळ बघायचा आणि घरी जेवताना सांगायचा, "आज जाळ छान बसला होता." भाजी छान झाली असं तो जन्मात कधी म्हणाला नव्हता. थोरली ते जाळावरचंच भाजीच्या खात्यात धरून घ्यायची.

आता नवीन बॉयलर आला होता. त्यात जाळी नाही, साखळी नाही. कोळसा गिरणीत घालून पिठाहून बारीक दळतात, गरम हवेनं नळ्यांतून फुंकतात आणि तो भट्टीत अधांतरी पेटतो. त्याला कोळसा कोरडा हवा. ओला गेला की गिरणीत लगदा. जुना बॉयलर महिनाअखेरीला कायमचा थंड व्हायचा होता. फायरमनांना नव्यावर शिकायला पाठवत होते. चौदा बायांपैकी एक नमुन्याच्या खोलीत जाणार होती, ढिगातला कोळसा आणून त्यातलं पाणी मोजायला. बाकीच्या राखेकडे. राखेकडे म्हणजे गुडघाभर करड्या पाण्यात उभं राहून पाट साफ करायचे.

नमुन्याच्या खोलीतल्या बाईंना सगळे काटेबाई म्हणत, कारण त्या बोलायच्या आधी तोलायच्या. काटेबाईंनी धाकटीला निवडलं.

धाकटी पट्ट्यावर येऊन आठ महिने झाले होते. पण ती दहावी झालेली, अक्षर गोल आणि सुटं.

"महिनाअखेरपर्यंत तिला बघते," काटेबाई थोरलीला म्हणाल्या. "तिचे आकडे चुकले तर मग तुम्ही. सगळ्यात जुन्या तुम्हीच आहात."

त्यातलं ते "तर" थोरलीनं घरी नेलं. रात्री उशाशी घेऊन झोपली, सकाळी डब्यात घालून परत नेलं.

धाकटीला ढिगावरचं सगळं थोरलीनंच शिकवलं होतं. घरात आली तेव्हा पोरीला कोळसा आणि दगड यातला फरक कळत नव्हता. फावडं कसं धरायचं, डोक्याचं फडकं नाकावरून कसं घ्यायचं, मूठ किती आवळायची, सगळं सांगितलं. मायेनं सांगितलं. एक गोष्ट सोडून.

ढिगाचं वरचं खरं नसतं. वारा लागला, ऊन पडलं की वरून तो दोन दिवसांत कोरडा दिसतो आणि आत पाणी धरून बसतो. म्हणून कोळसा वरचा घ्यायचा नाही. हात कोपरापर्यंत आत घालायचा, तिथे मूठ मिटायची आणि मिटलेलीच बाहेर काढायची. हे थोरलीला कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षं काम केल्यावर, एकदा पाय घसरून ढिगावर पडली तेव्हा कळलं होतं. मला चार वर्षांनी कळलं, हिला आठ महिन्यांत कशाला, असा तिनं तेव्हा काही मनाशी हिशेब मांडला होता असं नाही. सांगायचं राहिलं. मग रोजच राहत गेलं.

धाकटी खोलीत बसायला लागून चार दिवस झाले तेव्हा थोरलीला नमुन्याची पिशवी घेऊन तिकडे जावं लागलं. दाराशी पाटी होती. "चपला बाहेर काढायच्या जाऊबाई," धाकटी आतून म्हणाली.

थोरलीनं काढल्या. आत पांढऱ्या फरशा, डोक्यावर पंखा. टेबलावर काचेच्या पेटीत काटा, आणि बाजूला पत्र्याच्या कपाटासारखी भट्टी. तिच्यात बशीभर कोळसा तासभर ठेवायचा, आधीचं वजन आणि नंतरचं वजन, जेवढं घटलं तेवढं पाणी. धाकटी उंच स्टुलावर बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि ती ते हलवत होती, शाळेतल्या मुलीसारखे.

"तासभर लागतो होय?" थोरली म्हणाली. "माझी मूठ श्वास घ्यायच्या आत सांगते."

"हो ना. पण साहेबांना मूठ फायलीत लावता येत नाही," धाकटी म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसली.

उत्तर चांगलं होतं. तेच थोरलीला लागलं. पट्ट्यावर पोरगी असं बोलत नसे. चार दिवस पंख्याखाली बसली आणि जिभेला धार आली.

परत फिरताना थोरलीनं खाली बघितलं. चपला काढल्या होत्या, पण पायांचं काय करणार? दारापासून टेबलापर्यंत काळी पावलं उमटली होती, पाचही बोटांसकट. ती उंबऱ्याबाहेर चपलेत पाय घालत असताना आत धाकटी स्टुलावरून उतरली, ओलं फडकं घेतलं आणि एकेक पाऊल पुसत दारापर्यंत आली. तिच्या मनात काही नव्हतं. काटेबाईंचा तसा दंडकच होता. पण आपण पुढे चालतोय आणि मागून आपल्याला कुणी पुसत येतंय, हे थोरलीनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं स्वतःचे पाय विटकरीनं घासले. टाचेतून रक्त आलं. काळं गेलं नाही.

पाऊस त्या वर्षी जायचं नाव घेत नव्हता. मोसम संपला, पाखरं परतली, तरी रिपरिप चालूच. मग अचानक दोन दिवस कडक ऊन पडलं आणि वारा सुटला. ढीग वरून करडा, हलका, भुसभुशीत दिसायला लागला. नवीन बॉयलरवाले खूश झाले. आता छपराखालचा जुना साठा सोडून हा उघड्यावरचा नवा ढीग घ्यायचा ठरलं.

सकाळी धाकटी डबा आणि लहान फावडं घेऊन नमुना घ्यायला आली. कागदावर लिहिलं होतं तसं तिनं ढिगाभोवती फिरून सात जागा निवडल्या. प्रत्येक ठिकाणी एक फावडं, डब्यात. एक फावडं, डब्यात. नीटनेटकं काम. खोलीतल्या सदऱ्याची पांढरी बाही मनगटापाशी बटण लावलेली.

थोरली ढिगाच्या पलीकडच्या अंगाला होती. सवयीनं तिचा हात आत गेला होता. जुना बॉयलर अजून चार-सहा दिवस जगणार होता, त्याच्यासाठी कोळसा बघायचा म्हणून. आत गार लागलं. तिनं मूठ मिटली, बाहेर काढली, उघडली. बोटांच्या बेचक्यांतून पाणी ओघळलं. गोळा घट्ट बसलेला. टोचला, तर बोट रुतलं आणि गोळा तसाच. जुन्या बॉयलरलासुद्धा इतका ओला चालला नसता.

तिनं गोळा खाली टाकला आणि पायानं पसरला.

धाकटी फिरत फिरत तिच्यापाशी आली. डबा पुढे केला. "जाऊबाई, एकदा मुठीत बघता का? नवीन ढीग आहे ना, मला आपली धाकधूक वाटते."

डब्यातला कोळसा वरचा होता. कोरडा, खुळखुळ वाजणारा. थोरलीनं त्याच्याकडे बघितलं, मग धाकटीच्या बाहीच्या बटणाकडे.

"आता तुझ्याकडे काटा आहे," ती म्हणाली. "माझ्या मुठीला कोण विचारतंय?"

"मी विचारते की."

"जा बाई, ऊन चढतंय."

धाकटी गेली. काट्यावर आठ टक्के पाणी आलं. काटा खोटं बोलला नाही. त्याला जे दिलं त्यातलं त्यानं सांगितलं.

दुपारी जेवणाची सुट्टी होऊन तासभर झाला असेल. वीजघराचा आवाज त्या गावात कुणी ऐकत नसे. तो असायचा, डोक्याला कान असतात तसा. त्या दुपारी तो वाकला. आधी जरासा, म्हणजे पट्ट्यावरच्या बायांनी नुसत्या माना वर केल्या. मग घरघर खाली खाली उतरत गेली, आडात सोडलेल्या बादलीसारखी. वर सुरक्षेच्या झडपा उघडल्या आणि वाफेनं असा हंबरडा फोडला की आवारातली कुत्री पळत सुटली. मग काहीच नाही. पट्टा थांबला. बायांच्या हातात दगड तसेच.

"गेलं," कुणीतरी म्हणालं.

थोरलीला तेव्हा आठवलं. नवरा आज वर होता. नव्या बॉयलरवर, शिकायला. सकाळी तिनंच त्याला डबा बांधून दिला होता.

जिन्याकडे पळाली तेव्हा पहारेकऱ्यानं अडवलं. "कुणाला काही झालं नाही मावशी. जाळ विझला, एवढंच." ती तिथेच पायरीवर बसली.

संध्याकाळी दोघे भाऊ एकदमच घरी आले. धाकट्यानं हातपाय धुतले आणि तो ओट्यावर टेकला. थोरला न धुताच आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

सासूनं फुलपात्र धाकट्यापुढे धरलं. "पाणी मेलंय बघ रे दुपारपासून."

"कळलं आई," तो मोठ्यानं म्हणाला. "टर्बाइन थांबवलंय. म्हणजे पुरतं नाही थांबवत. तापलेला दांडा एका जागी ठेवला तर त्याला पोक येतो. म्हणून थंड होईस्तोवर हळूहळू फिरवत ठेवायचा. रात्रभर."

"माझंही तेच आहे," सासू म्हणाली. "बसले की आखडते. मला कोण फिरवतंय?"

एरवी सगळे हसले असते. धाकटी चुलीपाशी पाठ करून उभी होती. तिची मान खाली गेलेली, आणि हातातली पळी भांड्यात नुसतीच फिरत होती.

"काय झालं वर?" थोरलीनं दिराला विचारलं. नवऱ्याला विचारायचा धीर नव्हता.

"गिरणीत चिखल झाला, वहिनी. कोळसा ओला. नळ्या तुंबल्या, जाळ फडफडायला लागला. दादा झरोक्याशी होता. त्यानं..." तो थांबला.

"सांग की," थोरला भिंतीकडूनच म्हणाला. "सांग, लाजतोस काय?" मग स्वतःच वळला. "जाळ पडायला लागला की कोळसा वाढवायचा. बावीस वर्षं हेच केलं. साखळीवर जाळ पडला की पुढून कोळसा द्यायचा, मागून हवा, दहा मिनिटांत उठतो. हात आपोआप गेला माझा. कोळशाच्या खटक्यावर. आणि तिथे ते चालत नाही. तिथे जाळ विझला की कोळसा आधी बंद करायचा, भट्टीतली सगळी भुकटी हवेनं बाहेर काढायची आणि मगच पुन्हा पेटवायचं. नाहीतर आत साठलेली भुकटी एकदम भडकते. शिकवलं होतं मला. दोनदा शिकवलं होतं."

"मग?"

"मग काय. साहेबानं हातावर मारलं." त्यानं उजवा हात पुढे धरला. मनगटावर काळ्यातूनही लाल दिसत होतं. "फटकन. सगळ्यांसमोर, पोराला मारतात तसं. बरं झालं मारलं. नाही मारलं असतं तर आज सगळी भट्टी आमच्या अंगावर असती."

धाकटी पळी ठेवून बाहेर अंगणात गेली.

"तिचा आकडा होता," दीर हळूच म्हणाला. "आठ लिहिलं होतं. उद्या सकाळी साहेब ढिगावर येणार आहे. काटेबाईपण."

थोरलीनं नवऱ्याचं मनगट हातात घेतलं, ओल्या फडक्यानं पुसलं. काळं निघालं, लाल राहिलं. त्याच्या हातावर मारणारा हात साहेबाचा होता हे तिला कळत होतं. पण तो तिथवर कुठून आला तेही कळत होतं. जेवायला वाढलं तर धाकटी उठली नाही. "भूक नाही," म्हणाली. थोरलीनं तिचं ताट झाकून ठेवलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच झाकून ठेवलं, आणि झाकताना तिला लाज वाटली की हे आजच का.

सकाळी ढिगापाशी सगळे जमले. बॉयलरचे साहेब, काटेबाई, पट्ट्यावरच्या बाया जरा लांब. धाकटी मध्ये. तिच्या हातात कालची वही.

"आठ टक्के," साहेब वहीवर बोट ठेवून म्हणाले. "गिरणीतून काढलेला अठरा निघाला. हे आठ आणलं कुठून?"

"कागदात आहे तसंच घेतलं साहेब. सात ठिकाणी."

"हिला ढिगावर शिकवलं कोणी?" त्यांनी काटेबाईंना विचारलं.

"जाऊबाईंनी," धाकटीच म्हणाली. आणि लगेच पुढे म्हणाली, "त्यांनी चांगलंच शिकवलं साहेब. माझंच काहीतरी चुकलं असेल."

काटेबाईंनी जरा वेळ तोललं. मग थोरलीकडे वळल्या. "उद्यापासून खोलीत तुम्ही या. आकडे लिहिता येतात ना?"

"येतात."

झालं होतं. पंखा आला, स्टूल आलं, पांढरी फरशी आली. एका शब्दात आलं. थोरलीनं धाकटीकडे बघितलं. पोरगी रडत नव्हती. वही मिटून ती काटेबाईंच्या हातात द्यायला निघाली होती, आणि देताना तिनं वहीचा कोपरा वाकलेला होता तो अंगठ्यानं सरळ केला.

चांगलंच शिकवलं. हे वाक्य थोरलीच्या घशाखाली जाईना. ते मोठेपणानं म्हटलं होतं की खरंच तसं वाटत होतं, हे तिला कळेना, आणि दोन्हींतलं काहीही असलं तरी ते तिला सारखंच टोचत होतं. या पोरीपुढे अक्षरानं हरावं, वयानं हरावं, जिभेनंही हरावं, पण आता मनानंसुद्धा हीच वरचढ?

"मी शिकवलं," ती म्हणाली. "सगळं नाही शिकवलं."

ती धाकटीपाशी गेली, तिचं मनगट धरलं. बटण काढायला वेळ नव्हता, की काढायचं नव्हतं, देव जाणे. तो हात तिनं पांढऱ्या बाहीसकट ढिगात खुपसला. बोटं, मनगट, अर्धा हात. धाकटी कळवळली. थोरलीनं सोडलं नाही, कोपर टेकेस्तोवर ढकलला.

"काय लागतं?"

"गार."

"आणखी?"

धाकटीचा चेहरा बदलला. "पाणी आहे. आत पाणी आहे, जाऊबाई."

"मूठ मीट. आता काढ. उघडू नकोस अजून. हं, उघड."

गोळा काळा, चकचकीत, बोटांचे ठसे उमटलेला. थोरलीनं बोट खुपसलं. कणकेत जावं तसं गेलं. गोळा फुटला नाही.

साहेबांनी स्वतः वाकून बघितलं. "हे तुम्हाला काल माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

मला कोणी विचारलं नाही, हे उत्तर थोरलीच्या ओठावर तयार होतं. ते तिनं रात्रीच करून ठेवलं होतं. धाकटी तिच्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर थोरलीनं ते उत्तर दिलं असतं, नक्की दिलं असतं.

"हिनं विचारलं होतं," थोरली म्हणाली. "मी सांगितलं नाही."

बायांत कुजबूज झाली. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, न समजणाऱ्या यंत्राकडे बघावं तसं. मग म्हणाले, "राखेकडे जा. महिनाअखेरची वाट बघू नका. आजच जा."

घरी नवऱ्याला तिनंच सांगितलं. त्याच्या कानावर आधीच आलं होतं, पण त्यानं ऐकून घेतलं.

"म्हणजे कोळसा ओला आहे हे तुला ठाऊक होतं."

"होतं."

"आणि मी वर होतो."

"तेव्हा आठवलं नाही," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. तेव्हा मला फक्त तिची बाही दिसत होती."

तो मनगट चोळत बसला. मग म्हणाला, "माझाही हात आपोआपच गेला होता." एवढंच. त्यात माफी होती की नव्हती, हे तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचे कपडे स्वतः धुतले. हे मात्र तिला पुरतं कळलं.

धाकटी तिच्याशी बोलेना. भांडलीही नाही. कामापुरतं "मीठ", "दार", "आई हाक मारताहेत" एवढंच. थोरलीनं दोनदा बोलायचा प्रयत्न केला, तर "असू दे" म्हणून उठून गेली. खोलीतली जागा धाकटीलाच मिळाली, कायमची. त्या दिवशीचा सदरा तिनं धुऊन दोरीवर टाकला. थोरली मुद्दाम जवळून गेली. दोन धुण्यांत बाही पांढरी शुभ्र निघाली होती. थोरलीला तिचा हेवा वाटला. तो अजून तिथेच होता. गेला नव्हता. ती जरा दचकली, आणि मग स्वतःशीच म्हणाली, एवढ्यानं जायला तो काय पाहुणा आहे?

राखेकडे आता थोरली गुडघाभर करड्या पाण्यात उभी असायची. वाळली की राख पांढरी पडायची. हात, पाय, भुवया. "नशीब काढलंस," बाया म्हणायच्या. "गोरी झालीस." वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या धुण्याचं पाणी काळं निघत नव्हतं. दोन दोऱ्यांची आता काही गरज नव्हती, पण कुणी दुसरी सोडली नाही.

जुना बॉयलर महिनाअखेरीला थंड झाला. फायरमन नव्या झरोक्याशी उभा राहायला लागला. जाळ फडफडला की तो दोन्ही हात मागे बांधतो, असं दीर हसून सांगायचा.

एका सकाळी थोरली फावड्यानं पाट मोकळा करत होती. बांधावरून धाकटी आली. डबा नव्हता, फावडं नव्हतं. उजवा हात पुढे धरलेला, मूठ मिटलेली. बांधाच्या टोकाशी येऊन ती उभी राहिली आणि मूठ थोरलीपुढे केली.

"बघा."

थोरलीनं हात पाण्यात खळबळले, पुसायला कोरडं काही नव्हतं म्हणून केसांना पुसले. मूठ उघडली गेली. गोळा तिनं तळव्यावर घेतला. वजन बघितलं. बोटानं टोचला. जरा तडा गेला, मग फुटला. तिनं चुरा चिमटीत चोळला, नाकाशी नेला.

"अकरा," ती म्हणाली.

"काट्यावर साडेअकरा आले."

"मग काट्याला म्हणावं, नीट बघ."

धाकटी हसली नाही. पण तिच्या गालात काहीतरी हललं आणि ते लपवायला ती वळली. जाताना म्हणाली, "उद्या आणते."

थोरली तिला बांधावरून जाताना बघत राहिली. पोरीनं आता बाही वर दुमडायला शिकून घेतलं होतं. काळा हात अंगापासून जरा लांब धरून ती चालत होती. बोटं काळी, मनगट काळं, कोपर काळं. आणि कोपराच्या वरही काळं होतं. चांगली चार बोटं वर.

ती चार बोटं थोरलीला दिवसभर सलत राहिली. एवढ्या खोल आजवर कुणी हात घातला नव्हता. तिनंही नाही.

संध्याकाळी हातपाय धुवायला बसली तेव्हा आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं स्वतःच्या कोपराच्या वर डाव्या हाताची चार बोटं आडवी ठेवली, आणि ती कुठवर पोचतात ते बराच वेळ बघत राहिली.